मादान ऑगुस्तचा धुरा

भूमेश्वरीला परत येऊन आठ दिवस झाले तरी बोडीटोल्यात तिला एकच गोष्ट विचारली जात होती, की समुद्र कसा होता. त्यात लोकांची चूक नव्हती. ग्रामपंचायतीने तिच्या सत्काराचा जो फ्लेक्स सडक अर्जुनीहून छापून आणला होता त्यावरच निळं पाणी, वाकलेली दोन नारळाची झाडं आणि ढगात एक विमान होतं. मधोमध तिचा ओळखपत्रावरचा फोटो, घाबरल्यासारखा. खाली लिहिलं होतं, ‘सातासमुद्रापार गावाचं नाव नेणाऱ्या आमच्या सूनबाई’. वर्षभरात तिने समुद्र दोनदा पाहिला होता. एकदा विमानाच्या खिडकीतून आणि एकदा बंदरावर अवजारांची पेटी सोडवायला गेली तेव्हा, आणि दोन्ही वेळा तिला मळमळत होतं. बाकीचे सगळे दिवस ती चिखलात होती, जशी ती चोवीस वर्षं बोडीटोल्यात होती. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, म्हणून तिने सांगणं सोडून दिलं. समुद्र मोठा होता, एवढंच ती म्हणायची.

ती मूळची देवरीकडची. गावात तिला नावाने फार कोणी हाक मारत नसे, देवरीवाली म्हणत. १९९९ साली गावात बायकांचा बचत गट निघाला तेव्हा तिला झरझर सही करता येते म्हणून तिला सचिव केलं, आणि सचिव झाली म्हणून पुढे जे जे प्रशिक्षण आलं त्याला तिलाच पाठवलं. गांडूळखत झालं, बिनधुराची चूल झाली, मग एका संस्थेने धानाची श्री पद्धत आणली. त्यात बारा दिवसांचं कोवळं रोप, म्हणजे पऱ्हं, दोरी धरून, एका जागी एकच रोवायचं, आणि बांधी, म्हणजे धानाचं खाचर, सारखी तुडुंब न ठेवता मधूनमधून पाणी काढून टाकायचं. गावातल्या पुरुषांनी आधी टिंगल केली. चुन्नीलालनेही केली. बायकोने हट्टाने अर्ध्या एकरात करून दाखवलं आणि चोंग, म्हणजे नवे कोंब, फुटून एकेका रोपाचा झुडपाएवढा ठोंब झाला, तेव्हा तो चार लोकांना बोलावून दाखवायला लागला.

२०१२ साली त्याच संस्थेने विचारलं, की कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर हैती नावाचा देश आहे, तिथेही बायकाच धान रोवतात, त्यांना हाताने शिकवायला स्वतः रोवणारीच बाई पाहिजे. दोन वर्षं. स्वयंसेवक म्हणून जायचं, म्हणजे राहायचं-खायचं मिळणार, पगार नाही. नागपूरला तीन महिने इंग्रजीचा वर्ग झाला. चुन्नीलालने हो म्हटलं, कारण पासपोर्ट काही येत नाही अशी त्याची खात्री होती. पासपोर्ट आला. मुलगी रविता लग्न होऊन तिरोड्याला गेलेली होती. घरात राहिले दोघं, चुन्नीलाल आणि त्याची चौऱ्याहत्तर वर्षांची आई, रामबाई.

आता एक वर्ष संपलं होतं. मधली पाच आठवड्यांची सुटी होती आणि दुसऱ्या वर्षासाठी येणार की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हणायचं तिने विमानातच ठरवलं होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी सासूच्या हातावर नजर गेली आणि ते ठरवणं आणखी पक्कं झालं. रामबाईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे तीन डाग होते, दोन जुने काळपट, एक ताजा गुलाबी. हात थरथरतो, भाताचं भांडं, गंजी, उतरवताना चुलीच्या काठाला लागतो. फोनवर वर्षभर दोघांनीही सांगितलं नव्हतं. चुन्नीलालला विचारलं तर तो म्हणाला, सांगून तू तिथून काय करणार होतीस.

म्हणजे नाही म्हणायला कारण होतं, आणि ते खरंही होतं. तिचे गुडघे दुखत होते, झोप पुरी होत नव्हती, घरातल्या डब्यांवर बोटभर चिकट थर साचला होता. कोणी तिला दोष दिला नसता. फक्त एक गोष्ट तिने कोणाला सांगितलेली नव्हती, आणि ती गोष्ट सोमवार जवळ येईल तशी नको तेव्हा वर येत होती. भांडी घासताना, केस विंचरताना.

शनिवारी सत्कार झाला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, टेबलावर चादर, शाल आणि नारळ. सरपंच जे बोलले त्यात देश कोणता हे दोनदा बदललं. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठून म्हणाली, की तिथल्या बायकांना मी आपली रोवणी शिकवली, धान चांगलं झालं, त्या बायका खूश झाल्या. टाळ्या पडल्या. ‘खूश झाल्या’ म्हणताना तिने नजर टेबलावरच्या नारळाकडे वळवली. पहिल्या रांगेत खुर्चीवर रामबाई बसली होती. टाळ्या वाजवणं तिला जमत नव्हतं, ती नुसती सुनेकडे पाहत होती.

रविवारी त्यांच्या वरच्या बांधीत रोवणी होती. बारा बाया वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, बारीक पाऊस. भूमेश्वरी रांगेत मधे होती. रामबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाखाली शिदोरी राखत बसली होती. घरी राहा म्हटलं तरी ती रोवणीच्या दिवशी घरी राहत नसे. बांधीत पाणी जास्त झालं होतं म्हणून चुन्नीलाल फावडं घेऊन आला आणि त्याने खालच्या अंगाचा धुरा फोडला. पाणी खळखळ करत खालच्या बांधीत उतरलं. ती बांधी जागेश्वरची. नांगरून ठेवलेली, उघडी, पाण्याची वाट पाहणारी. जागेश्वर पलीकडच्या टोकाला उभा होता, त्याने हात वर केला.

भूमेश्वरी ताठ उभी राहिली. हातात पऱ्ह्यांची जुडी तशीच.

“थांबा जी. खाली काय पेरलं हाये ते पाह्यलं का?”

बाया एकेक करून उभ्या राहिल्या आणि मग हसू फुटलं. शेजारची मंदाबाई म्हणाली, “पाहा व, विदेशात जाऊन आली त हिले जागेश्वरची बांधी ओळखू येऊन नाही राहिली.”

चुन्नीलाल फावड्यावर हात ठेवून बायकोकडे पाहत राहिला. “या महिन्यात तो काय पेरन? दोन दिवसांपासून पाण्याचीच वाट पाहून राहिला तो.”

ते खरंच होतं. ती खाली वाकली. पण पुढच्या रांगेत तिच्या हातून दोन ठिकाणी रोपं दोरीच्या बाहेर गेली आणि मंदाबाईने मागे येऊन ती रोपं सरळ केली.

दुपारी सगळ्या बाया जेवायला बसल्या. रामबाईने सुनेला हाताने खुणावून पळसाच्या दुसऱ्या बाजूला बोलावलं, जिथे दोघींशिवाय कोणी नव्हतं. भाताचा डबा पुढे सरकवला.

“तिथं कोणाच्या वावरात पाणी सोडलं होतंस का?”

भूमेश्वरीने घास तोंडाकडे नेला होता, तो परत ठेवला. वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी विचारेल असंही तिला वाटलं नव्हतं. म्हातारीने नजर लावून धरली होती. साठ वर्षं धुऱ्यांवर काढलेली बाई. तिला कशावरून कळलं, हे सांगायला नको होतं.

“सोडलं, माय.”

“मंग सांग. पण आधी दिवस सांग मले. सकाळी उठून काय करत होतीस तू तिथं? समुद्र समुद्र करून राहिले सारे. मले दिवस सांग.”

मग भूमेश्वरीने तिला दिवस सांगितला. जेवता जेवता, तुटक तुटक.

सकाळी कोंबडे चारलाच ओरडायचे आणि थांबायचेच नाहीत. संस्थेच्या कचेरीच्या आवारात तिला एक खोली होती, वर टिनाचं छत. दुपारी त्याखाली बसवत नसे. उठल्यावर हातपंपावर जाऊन दोन बादल्या भरायच्या, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, अर्धा तास ठेवायचं, मग तोंड धुवायचं. तिथे हगवणीची साथ येऊन गेली होती, तिची धास्ती लोकांच्या हातात उरली होती. पाण्याचा ग्लास देतानाही लोक आधी त्यात डोकावत. मग काळी कॉफी आणि पाव. पावाला शेंगदाण्याचा तिखट लगदा लावायचा, मिरची कुटून घातलेला. तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तिला रडू आलं होतं, कारण दोन महिन्यांनी जिभेला ओळखीचं काहीतरी लागलं होतं. नंतर एकदा बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा दिसल्या. त्यांचं नाव तिथे वेगळं, पण शेंग तीच. तिने एवढ्या घेतल्या की दोन दिवस सोलत बसली.

सहाला शेतात. साडी पहिल्या आठवड्यातच सुटली. सलवार आणि वरून कोणाचा तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट. तिच्याबरोबर रेनालसाहेब असायचे, तिथले शेतीचे जुने जाणकार, साठीचे, डोक्यावर गवताची टोपी. ती मोडक्या इंग्रजीत सांगायची, ते त्यांच्या बोलीत बायकांना सांगायचे. ती चार शब्द बोलायची आणि त्यांचं पाच मिनिटं चालायचं. काय सांगताहेत ते तिला कधी नीट कळलं नाही. तिथल्या बायका आपल्या जुन्या पद्धतीनेच रोवत, महिन्याचं मोठं पऱ्हं, मूठभर एका जागी. एकेक रोप रोवायचं म्हटल्यावर त्यांनी तेच केलं जे बोडीटोल्याने केलं होतं. हसल्या.

दुपारी भात आणि त्यावर काळ्या-तांबड्या घेवड्याचं कालवण, रोज. संध्याकाळी केळ्याचे तळलेले काप, कधी खारवलेली मासोळी. वीज नव्हती. शनिवारी सगळा गाव कपडे धुवायचा आणि कोळशाच्या इस्त्रीने पांढरे कपडे इस्त्री करायचा, रविवारी ते घालून प्रार्थनेला जायचा. रविवारी ती एकटी उरायची. व्हरांड्यात बसून नखांतला चिखल काडीने काढायची, कारण दुसरं काहीच करायला नसायचं.

“गाणे म्हणत का रोवताना?” रामबाईने विचारलं.

“म्हणत. ढोलकीपण असे कधी.”

“मंग बरं हाये,” म्हातारी म्हणाली आणि लोणच्याची फोड चोखत राहिली.

तर, तिथे मादान ऑगुस्त होती. तिथे बाईला नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. ऑगुस्तची बायको म्हणून मादान ऑगुस्त. तिचं स्वतःचं नाव आनिझ आहे हे भूमेश्वरीला पाच महिन्यांनी कळलं, आणि कळलं तेव्हा तिला देवरीवाली आठवली. पन्नाशीची, उंच, हाडकुळी बाई. नवरा राजधानीत कामाला गेला तो तिथेच राहिला. पोरं मोठी होऊन गेलेली. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला संस्थेचा नमुना तुकडा होता. बाकीच्या हसत होत्या तेव्हा हीच एक पहिल्या दिवशी चपला काढून चिखलात उतरली, दोरीचं दुसरं टोक धरलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. तिला पाहून हळूहळू चौघी आल्या, मग नऊ. भूमेश्वरीला तिची बोली येत नव्हती, तिला हिची. पण दोघींना रोप किती खोल दाबायचं ते बोटांनी कळत होतं, आणि दुपारी एकमेकींच्या ताटातलं खायला त्यांना रेनालसाहेबांची गरज लागत नव्हती.

जानेवारीत नमुना तुकड्यात रोवणी झाली. पंधरा दिवसांनी पाणी काढून टाकायची वेळ आली. शनिवारची पहाट होती. भूमेश्वरी एकटीच गेली, कारण त्या दिवशी सगळ्या बाया कपडे धूत असत. धुऱ्यावर उभं राहून तिने खाली पाहिलं. खाली मादान ऑगुस्तचं वावर. नांगरून सपाट केलेलं, उघडं, कोरडं. चहूकडे धानाचं हिरवं आणि मधे ते एकटं तहानलेलं वावर. तिला वाटलं, हिचं कालव्याचं पाणी अजून आलेलं दिसत नाही, बिचारी वाट पाहत असेल. आपल्याकडे वरच्या बांधीवाल्याने न मागता पाणी सोडलं तर खालचा वर्षभर त्याचं नाव काढतो. तिने फावड्याने धुरा फोडला. नुसतं पाणी काढून टाकत नव्हती ती, देत होती. मनात असं होतं की सोमवारी मादान ऑगुस्त येईल, पाहील आणि हसेल. फोडलेला धुरा तिने उघडाच ठेवला, म्हणजे कालव्याचं जे थोडं थोडं येईल तेही खाली जाईल.

शनिवार, रविवार पाणी भरत राहिलं.

त्या वावरात मादान ऑगुस्तने शुक्रवारी संध्याकाळी घेवडा पेरला होता. वरून काहीच दिसत नव्हतं. तिथे थंडीत धान न लावता कोणी कोणी घेवडा लावतं, हे भूमेश्वरीला रेनालसाहेबांनी सांगितलंही असेल. तिला आठवत नव्हतं. सोमवारी गेली तेव्हा मादान ऑगुस्त गुडघाभर पाण्यात उभी होती आणि चिखलात हात घालून दाणे काढत होती. दाणे फुगून फुटले होते, बोटात धरले की साल सुटून यायची. तांबड्या ठिपक्यांचे दाणे. ओरडली नाही, भांडली नाही. भूमेश्वरी धावत खाली उतरली, तिच्यासोबत दाणे काढू लागली, तर तिने हिचं मनगट धरून हात बाजूला केला. रागाने नाही. ताटाशी आलेलं पोर बाजूला करावं तसा.

रामबाईने खाणं थांबवलं होतं. “बिजाई कोणाची होती?”

“तिच्या मायची, माय. लग्नात आणलेली. दरवर्षी राखून ठेवलेली.”

रामबाईने हातातली लोणच्याची फोड डब्यात ठेवली. तिच्या स्वतःच्या घरात खापराच्या मडक्यात राख घालून ठेवलेलं लाखोरीच्या डाळीचं आणि बरबटीच्या शेंगांचं बी होतं, तेही माहेरचं. ते दर उन्हाळ्यात ती स्वतः उन्हात घालायची आणि स्वतः भरायची, सुनेलाही हात लावू द्यायची नाही.

संस्थेने बाजारातून घेवड्याचं पोतं आणून दिलं. रेनालसाहेब स्वतः घेऊन गेले, समजावलं. मादान ऑगुस्तने ते पोतं व्हरांड्यात एका बाजूला ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. नमुना तुकड्यावर ती यायची थांबली. ती थांबली तशा एकेक करून बाकीच्याही थांबल्या. नऊच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. पुढे दुसऱ्या तुकड्यात रोवणी झाली तेव्हा दोरीचं दुसरं टोक बांधायला भूमेश्वरीने खुंटी ठोकली.

तिथे खेड्यात कोणाच्या घरी जायचं तर सरळ आत जात नाहीत. फाटकाबाहेर उभं राहून ‘ऑने’ म्हणायचं, म्हणजे मान. आतून घरधनीण ‘रेस्पे’ म्हणते, म्हणजे आदर. मग आत जायचं. आतून उत्तर आलं नाही तर उभं राहायचं किंवा परत फिरायचं. भूमेश्वरी रोज सकाळी शेतात जाण्याआधी मादान ऑगुस्तच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि ‘ऑने’ म्हणायची. आतून कॉफी भाजल्याचा वास यायचा, भांड्याचा आवाज यायचा, उत्तर यायचं नाही. ती थोडा वेळ उभी राहायची, मग शेतात जायची. असे एकोणीस दिवस. लोक जाता-येता बघायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तिला लाजही वाटेनाशी झाली, नुसता थकवा. पाय आपले तिकडे जायचे.

विसाव्या दिवशी आतून ‘रेस्पे’ आलं.

मादान ऑगुस्तने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. अंगणात विटा लावून एक वाफा केला होता, पलंगाएवढा, आणि त्यात घेवड्याची कोवळी रोपं होती. डोंगरातल्या बहिणीला तिने कधीकाळी मूठभर बी दिलं होतं, ती बहिणीकडे दोन दिवस चालत जाऊन मूठभर परत घेऊन आली होती. एवढ्याचं पीक घेऊन बी केलं तर पुढच्या जानेवारीत वावर पेरता येणार होतं. हे सगळं तिने हातवारे करून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी रेनालसाहेबांना बोलावून पुन्हा सांगितलं, म्हणजे चूक नको. तिचं एकच मागणं होतं. पुढच्या जानेवारीत ती पेरेल तेव्हा भूमेश्वरीने येऊन धुऱ्यावर बसायचं. उगवून वर येईपर्यंत, आठ दिवस. पाणी राखायचं.

“अन् तू काय म्हटलं?”

“हो म्हटलं.” भूमेश्वरीने भाताची शितं बोटाने गोळा केली. “तवा दोन वर्षांचंच ठरलेलं होतं. मंग धान कापेपर्यंत मी लय थकून गेलो, माय. धान खरंच चांगलं झालं. पण खूश कोणी नाही झालं. आल्या, पाह्यलं, गेल्या. निघताना ती भेटाले आली त काहीच बोलली नाही. नुसती अशी दोन बोटं वाकवून दाखवली, धुऱ्यावर माणूस बसते तसं.”

भूमेश्वरीने डबा झाकला. पलीकडे बाया हात धुऊन तंबाखू मळत होत्या. चुन्नीलाल आणि जागेश्वर धुऱ्यावर उभे राहून, पाणी पुरे झालं का ते पाहत होते.

“मले वाटत नाही तू जावं,” रामबाई म्हणाली. तिने थरथरता हात पुढे केला, डाग वर करून. “हे पाहा. मायाच्यानं आता गंजी उतरत नाही. तू आली त आठ दिवस सुखानं जेवून राहिलो मी.” हात परत पदराखाली गेला. “पण कोणाच्या मायची बिजाई बुडवली, अन् तिनं भांडण नाही केलं, पोतं नाही घेतलं, धुऱ्यावर येऊन बस म्हटलं. त बसा लागते.”

“तुमचा हात?”

“हात काय तुयानं जळला? चुलीनं जळला. चुलीजवळ दुसऱ्या कोणाले बसवू.”

भूमेश्वरीला वाटलं ती रविताला बोलावून घ्यायचं म्हणते आहे. पण तसं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर रामबाईने मुलाला हाक मारली. चुन्नीलाल हातपाय धुऊन टीव्ही लावायच्या बेतात होता. तिने त्याला सगळं सांगितलं, बियाणं, फाटक, धुरा, सगळं. सुनेने दुपारी तासभर घेतला ते तिने पाच वाक्यांत सांगितलं. चुन्नीलाल ऐकत होता आणि मधूनमधून बायकोकडे पाहत होता. सकाळी तिने आपल्याला का थांबवलं होतं ते त्याला आता कळत होतं. तो चिडला, पण नेमका कोणावर ते ठरेना. आठ दिवस धुऱ्यावर बसायला माणूस एवढ्या दूर वर्षभर जातो का, असं म्हणाला. ते लोक तिथे दुसऱ्या कोणाला बसवू शकत नाहीत का, असंही म्हणाला. मग खरं कारण बाहेर आलं.

“माय, तुह्या हाताचं काय? मंग जेवण कोण करन?”

“तू,” रामबाई म्हणाली.

“मी?”

“ती तिकडं धुऱ्यावर बसन, तू इकडं चुलीजवळ बस. काऊन, तुह्या हाताले काय झालं?”

चुन्नीलाल हसला, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. पन्नास वर्षांच्या माणसाला भात येत नाही म्हणायची सोय नव्हती. अख्खं आयुष्य त्याने धानात घालवलं होतं. तो तसाच उभा राहिला. बायको काहीतरी बोलेल, आपली सुटका करेल, असं त्याला वाटलं असावं. भूमेश्वरी उंबऱ्याशी टेकून उभी होती. तिला बोलायचं होतं. राहू द्या जी, मीच नाही म्हणून कळवते, असं तोंडाशी आलं होतं. पण तेवढं बोलायलाही जोर लागतो आणि तो दिवसभराच्या रोवणीत संपला होता.

तो चुलीपाशी बसला. लाकडं जास्त घातली, धूर झाला. तांदूळ दोनदा धुवायचे का तीनदा हे आईने न विचारता सांगितलं. पाणी त्याने इतकं घातलं की भात वर आलाच नाही, खालीच घुसळत राहिला. भूमेश्वरी दोन पावलं पुढे आली. हात आपोआप गंजीकडे गेला, पाणी काढायला.

“बस,” रामबाई म्हणाली.

“जास्त झालं, माय. पेज होऊन राहिली.”

“होऊ दे. पेज खाऊ. तू बस तिथं.” म्हातारीने पाट पायाने तिच्याकडे सरकवला. “बसाचीच सवय कर. आठ दिवस काय करशीन तिथं, असं मधे मधे उठून?”

भूमेश्वरी पाटावर बसली. गुडघे कटकन वाजले. समोर चुन्नीलाल गंजीत पळी घालून पाणी काढत होता आणि ते कुठे ओतायचं ते न कळून पळी हातात धरून इकडे तिकडे पाहत होता. तिला माहीत होतं, कोपऱ्यात पितळी आहे, त्यात. तिने सांगितलं नाही. त्याला ती सापडायला बराच वेळ लागला.

त्या रात्री तिघांनी पेजच खाल्ली, मिरचीबरोबर. सोमवारी सकाळी राहिलेल्या अर्ध्या बांधीची रोवणी करून दुपारी ती चुन्नीलालच्या मोटारसायकलवर मागे बसून सडक अर्जुनीला गेली, नेट कॅफेत. रेनालसाहेबांना लिहायचं पत्र मनात जुळवलेलं होतं, तरी इंग्रजी शब्द शोधायला तिला वेळ लागला. येते असं लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, की मादान ऑगुस्तला सांगा, पेरायच्या आधी मला बोलवा, मी येऊन बसेन. चुन्नीलाल बाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता. ती बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, की लाल मिरची आणि हिरवी मिरची भाजीत एकाच वेळी टाकायची की मागेपुढे. ती म्हणाली, घरी चला, सांगते. आणि फाट्यावरून जाताना सत्काराचा फ्लेक्स एका बाजूने सुटून फडफडत होता, तिकडे दोघांनीही पाहिलं नाही.